तबकड्यांची पाठवणी

गोव्यात जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड गोळा करणाऱ्याला दुकानांपेक्षा घरांचा उपयोग अधिक होतो, हे बँकेतल्या नोकरीनिमित्त फोंड्याला आल्यावर मला लवकरच कळले. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा विक्रेता अधूनमधून चटईवर रेकॉर्ड मांडून बसलेला दिसे, पण त्याच्याकडचा माल बहुधा मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला आणि पर्यटकांच्या आवडीप्रमाणे निवडलेला असे. खरा साठा होता तो लोकांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या खोल्यांत आणि बाकांखाली सरकवलेल्या लोखंडी पेट्यांत. घर दुरुस्तीला निघाले, भावाभावांत वाटण्या झाल्या किंवा मुले पोर्तुगालला नाहीतर कॅनडाला कायमची गेली, की त्या पेट्या अंगणात येत आणि कोणीतरी मला निरोप धाडत असे. लोटलीच्या एका वृद्ध बाईंनी तर मी किंमत विचारण्याआधीच सांगून टाकले होते, "बाय, हें सगळें तुमी व्हरात, घरांत सुवात ना." (हे सगळे तुम्ही घेऊन जा, घरात जागा नाही.) त्यांना मी पैसे घ्यायला लावले, कारण फुकट मिळालेली वस्तू हाताळताना माणूस नकळत सैल होतो असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

पेटी कोणत्या भागातून आली हे आतला माल पाहूनच बहुतेकदा सांगता येई. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या ख्रिस्ती घरांतून अमालिया रॉद्रिगिशचे फादो म्हणजे पोर्तुगीज गीते, जिम रीव्हज, नाचाच्या वाद्यवृंदांच्या रेकॉर्ड आणि त्यांच्या जोडीला क्रिस पेरी व लॉर्ना, आल्फ्रेड रोझ यांच्या कोकणी गाण्यांच्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या निघत. घरातला कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असला किंवा पूर्व आफ्रिकेत नोकरी करून परतला असला, तर कव्हरच्या कोपऱ्यावर नैरोबीच्या नाहीतर मोंबासाच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली असे. फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूच्या हिंदू घरांत नाट्यगीते, अभंग आणि भावगीते सापडत, आणि त्यांच्या तळाशी लाखेच्या जड, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. त्यांवर मास्टर दीनानाथ, ज्योत्स्ना भोळे, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे वाचताना मी दरवेळी थोडी थांबत असे. मंगेशी, बांदिवडे, केरी, कुर्डी अशा गावांतून बाहेर पडलेले हे गळे परप्रांतात मुद्रित झाले, त्यांतल्या एचएमव्हीच्या तबकड्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापल्या गेल्या, आणि १९६१च्या आधी ज्या आल्या त्या तर पोर्तुगीज हद्द ओलांडून आपल्या मुलखात परतल्या. कुर्डी हे गाव साळावलीच्या धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथल्या देवळाचे अवशेष उघडे पडतात. लेबलवरच्या आडनावात मात्र ते गाव अजून छापलेले आहे.

आणखी एका प्रकारच्या साठ्याबद्दल मला विशेष आस्था आहे, आणि संग्राहक त्याला सहसा हात लावत नाहीत. जत्रा, चवथ, मुंज, लग्न अशा प्रसंगी लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांकडे ज्या रेकॉर्ड असत, त्यांच्यावर मालकाच्या नावाचा आणि गावाचा रबरी शिक्का आणि कव्हरवर रंगाने घातलेला अनुक्रमांक असे. त्यांच्या खाचा जड सुईखाली वर्षानुवर्षे घासून राखाडी पडलेल्या असत, आणि काही गाण्यांच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती असत, कारण एक झिजली की दुसरी आणावीच लागे. बाजाराच्या दृष्टीने असा माल जवळजवळ निरुपयोगी आहे. पण एखाद्या वाड्यावर प्रत्यक्षात काय वाजत होते, लोक कोणते गाणे पुन्हा लावायला सांगत होते, याचा पुरावा त्या झिजलेल्या प्रतींइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे मिळत नाही. एका घरातली नवीकोरी तबकडी एवढेच सांगते की ती विकत घेतली गेली होती.

विकत घेण्यापूर्वी रेकॉर्ड कशी पाहावी हे मी हळूहळू शिकले आणि पुढे ती देऊन टाकतानाही तेच ज्ञान उपयोगी पडले, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. तबकडी कव्हरमधून काढताना कडा आणि मधले लेबल एवढेच धरावे. खाचांना बोट लागू देऊ नये. मग ती एका दिव्याखाली तिरपी करून सावकाश फिरवावी, म्हणजे सरळ पाहताना न दिसणारे ओरखडे प्रकाशात उजळतात. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. जो ओरखडा नखाला लागतो तो प्रत्येक फेऱ्याला टक्‌ असा आवाज देतो. ३३ फेऱ्यांच्या तबकडीवर तो टक्‌ साधारण दर पावणेदोन सेकंदांनी येतो, आणि विलंबित आलाप ऐकताना तेवढ्याने लय मोडते. त्यानंतर मधल्या भोकाभोवतीचे लेबल पाहावे. तबकडी लावताना मधली कांडी शोधत हात फिरतो तेव्हा लेबलावर बारीक रेषा उमटतात. त्या रेषा जितक्या दाट, तितकी ती रेकॉर्ड अधिक वाजलेली असते. विक्रेता काहीही म्हणो, लेबल खोटे बोलत नाही. शेवटी कव्हर आणि आतली तबकडी एकमेकांची आहेत ना, हे क्रमांकावरून ताडून पाहावे, कारण जुन्या घरांत एकाच्या कव्हरात दुसरी असणे हे अगदी नित्याचे आहे.

गोव्याच्या हवेत या छंदाचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतकी ओल असते की कपाटातले चामडे पांढरे पडते, मग पुठ्ठ्याचे कव्हर आणि त्याला लावलेली खळ यांचे काय होत असेल ते सांगायला नको. बुरशी कागदावर, डिंकावर आणि बोटांच्या तेलकटपणावर पोसते, विनाइल या प्लास्टिकवर नव्हे; त्यामुळे कव्हर कुजले तरी आतली तबकडी धुऊन पुष्कळदा वाचते. विनाइलसाठी मी उर्ध्वपातित पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब वापरते, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, पुसते आणि नंतर निव्वळ उर्ध्वपातित पाण्याने दोनदा धुते. लेबल भिजू न देणे हे त्यातले खरे कौशल्य. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा स्पर्शही होता कामा नये, कारण लाख त्यात विरघळते आणि त्या खाचेतला आवाज कायमचा जातो. तिथे केवळ पाणी, तेही थोडे, आणि लगेच कोरडे करणे. तबकड्या उभ्या ठेवायच्या, एकमेकींना टेकून पण दाबल्या न जाता. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर त्या क्षणभरही ठेवू नयेत. मी कपाटे बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली होती आणि पावसाळ्यात त्या खोलीत ओल शोषणारे यंत्र चालू ठेवत असे. विजेचे बिल वाढे, पण त्याची खंत मला कधी वाटली नाही.

वाजवण्याबद्दल थोडक्यात. जुन्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरची सुई खाचेवर फार भार टाकते. चुंबकीय कार्ट्रिज असलेल्या चांगल्या टर्नटेबलवर तो भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. ७८च्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला वेगळी, जवळजवळ तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. ही दुसरी सुई ज्याच्याकडे नाही त्याला लाखेच्या तबकड्या देऊ नयेत, हा नियम मी पुढे कटाक्षाने पाळला.

त्या लाखेच्या तबकड्यांनी मला ऐकायला शिकवले, असे मी अगदी मनापासून म्हणते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावतात. तेवढ्यात रागाची ओळख, बंदिशीचे दोन्ही भाग आणि ताना आटोपशीर मांडायच्या, तर गायकाला आधीच ठरवावे लागे की काय ठेवायचे आणि काय सोडायचे. केसरबाई मुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या, त्यांची मुद्रिते मोजकीच आहेत. आणि त्यांतलेच 'जात कहाँ हो' हे भैरवीतले साडेतीन मिनिटांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अवकाशात गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या. पणजीच्या कला अकादमीच्या त्यांच्या नावाने होणाऱ्या समारोहात मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तासभर रंगलेला ख्याल ऐकून घरी आल्यावर त्या साडेतीन मिनिटांकडेच पुन्हा वळले, कारण दोन्हींचा ताळा करून पाहिल्यावर त्या काळच्या गवयांनी केलेली निवड अधिक स्पष्ट होते.

एवढे सगळे जमवल्यावर ते देऊन का टाकावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. कारण माझे कान हे आहे. साठी ओलांडल्यावर तपासणीत कळले की वरच्या पट्टीतले आवाज मला पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. वयाने प्रत्येकाचेच तसे होत जाते. गाणे मला अजून नीट ऐकू येते, पण रेकॉर्डची बारीक खरखर, सुईची झीज, शेवटच्या खाचांत 'स' आणि 'श'ची होणारी फरफट हे दोष वरच्या पट्टीतच असतात. म्हणजे काही वर्षांनी मी एखादी तबकडी चांगली आहे असे सांगेन आणि घेणाऱ्याला ती सदोष निघेल, हे उघड होते. प्रत्येक तबकडीचा दर्जा मी स्वतः ऐकून, खात्रीने सांगू शकते आहे तोवरच तिची पाठवणी करावी, असे मी ठरवले. दुसरेही एक कारण होते. म्हापशाकडच्या एका जाणत्या संग्राहकांचा साठा त्यांच्या पश्चात कसा गेला ते मी पाहिले होते. घरच्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कोणती तबकडी कुठून आली आणि का ठेवली हे एकट्या त्यांच्या डोक्यात होते, आणि ते गेल्यावर उरला तो निव्वळ वजनाचा माल. भंगारवाल्याने कव्हरे रद्दीत घातली आणि तबकड्या वेगळ्या नेल्या.

म्हणून मी विक्रीपासून सुरुवात केली नाही. आधी ऐकणे, मग लिहिणे आणि सगळ्यात शेवटी देणे असा क्रम ठेवला. रोज सकाळी, रस्त्यावरची वर्दळ सुरू होण्याआधी, मी दोन-तीन तबकड्या दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकत असे आणि प्रत्येकीसाठी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी लिहीत असे. चिठ्ठीवर कंपनीचा क्रमांक, लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला साच्याचा क्रमांक, कोणत्या गाण्यात कुठे टक्‌ येतो, कव्हर फाटले असेल तर कुठे, आणि ती कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या घरातून आली. साच्याचा क्रमांक टिपायला वेळ जातो, भिंगही लागते, पण एकच गाणे कंपनी पुनःपुन्हा छापत असताना कोणते छापील आधीचे हे त्यावरूनच कळते. लेबलवरच्या अक्षरांपेक्षा त्या कोरलेल्या आकड्यांवर माझा अधिक विश्वास आहे. मोनो आणि स्टिरिओ यांबाबतही तसेच. मूळ मोनो मुद्रणातून नंतर यंत्राने बनवलेला 'स्टिरिओ' बाजारात महाग विकला जातो. माझ्या मते त्यात आवाज पसरतो आणि गळ्याचा कस हरवतो, म्हणून चिठ्ठीवर मी तसे स्पष्ट लिहिले.

ज्या तबकड्या पुढे कधी सीडीवर किंवा इतरत्र आलेल्या मला आढळल्या नाहीत, त्यांची संगणकावर प्रतही करून ठेवली. आवाज स्वच्छ करण्याची साधने मी अगदी बेताने वापरली. खरखर काढण्याच्या भरात तंबोऱ्याचा झणत्कार आणि गायकाचा श्वास दोन्ही पुसले जातात, आणि गाणे बंद काचेआडून आल्यासारखे वाटते. मोठा टक्‌ तेवढा हाताने काढला, बाकी तसेच राहू दिले.

विकण्याची वेळ आली तेव्हा मुंबईहून एक व्यापारी आले. सभ्य गृहस्थ होते आणि त्यांना मालाची पारख होती. त्यांना सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी हव्या होत्या. त्यांना सध्या मागणी आहे आणि तरुण मुले त्यांना चांगली किंमत मोजतात. त्या मी विनासंकोच दिल्या, कारण ती गाणी हरवण्याचा धोका नाही आणि आलेल्या पैशांतून बाकीच्या तबकड्यांचे टपाल, पेट्या आणि नवी प्लास्टिकची पाकिटे असा खर्च निघणार होता. मात्र कव्हरवरच्या शाईतल्या नावांवरून आमचे जमले नाही. "ताई, नाव असलं की भाव निम्मा होतो, तुम्ही ते जरा खोडून द्या," असे ते म्हणाले. मी नकार दिला. 'चि. सौ. कां.ला लग्नाची भेट, १९६८' अशी ओळ असलेल्या कव्हरवरून ती ओळ काढून टाकायची म्हणजे त्या वस्तूचे निम्मे कागदपत्र फाडायचे. ते हसले आणि त्यांनी ती कव्हरे कमी भावाने नेली, पण नावांसकट नेली. मला तो व्यवहार मान्य होता.

एका संस्थेला सगळ्या मराठी तबकड्या एकत्र द्याव्यात असेही माझ्या मनात होते. त्यांच्याशी पत्रव्यवहार झाला, माणसे येऊन पाहून गेली आणि शेवटी असे ठरले की त्यांना संगणकावरच्या प्रती हव्यात, मूळ तबकड्या ठेवायला जागा नाही. प्रती मी आनंदाने दिल्या. मूळ तबकड्यांसाठी मग मी माणसे शोधू लागले, आणि आज मागे वळून पाहताना मला वाटते की ते अधिक योग्य झाले, कारण संस्थेच्या कपाटात तबकडी सुरक्षित राहते, पण वाजत नाही.

लाखेच्या तबकड्या पुण्याच्या एका संग्राहकांकडे गेल्या. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्या नियतकालिकाने अशा तबकड्यांच्या सूची करण्याची जी शिस्त लावली, तिच्यात वाढलेले ते गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे योग्य सुया आहेत, आणि त्यांनी माझ्या चिठ्ठ्या वाचून दोन ठिकाणी क्रमांकाबद्दल उलट प्रश्न विचारले. त्या प्रश्नांमुळे मला खात्री पटली की माल योग्य हाती जातो आहे.

नाट्यगीतांच्या एलपी मी मार्दोळच्या एका मुलाला दिल्या. तो गाणे शिकतो, वडिलांचे फुलांचे दुकान सांभाळतो, आणि त्याने आजवर जे काही ऐकले ते फोनवर. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने विचारले, "मावशी, हे सगळं फोनवर आहे ना, मग यात वेगळं काय?" मी त्याला उत्तर दिले नाही, रामदास कामतांची एक रेकॉर्ड लावली आणि फोनवरही तेच गाणे लावायला सांगितले. फोनवरच्या प्रतीत कोणीतरी गाण्याचा वेग किंचित वाढवलेला होता, त्यामुळे पट्टी वर गेली होती. तो बाजाची पेटी घेऊन आला होता. त्याने स्वर लावून पाहिला आणि गप्प झाला. मग सुई उचलून तो तान कुठे घेतली, श्वास कुठे मोडला हे पुनःपुन्हा ऐकू लागला. त्याच्या घरी टर्नटेबल नव्हते, म्हणून माझे दुसरे यंत्र मी त्याला रेकॉर्डबरोबरच दिले, सुई बदलायला शिकवली, आणि ठरावीक तास वाजल्यावर ती बदलली नाही तर खाचा कायमच्या खराब होतात हे त्याच्याकडून म्हणून घेतले. जितेंद्र अभिषेकींच्या चालींचा तो आता मुळातून अभ्यास करतो आहे. अभिषेकींचे मंगेशी गाव त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे त्या चालींबद्दल त्याला एक हक्काची जिव्हाळ्याची भावना आहे, आणि ती मला रास्त वाटते.

कोकणी गाण्यांच्या छोट्या तबकड्या मडगावला तियात्रात, म्हणजे कोकणी संगीत नाटकात, ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका तरुणाने नेल्या. क्रिस पेरी स्वतः ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत, आणि त्यांच्या रचनांत गायिकेच्या ओळींच्या मागे पितळी वाद्ये जी उत्तरे देतात ती या मुलाला नोटेशनमध्ये उतरवून काढायची होती. फोनच्या छोट्या स्पीकरवर ते मागचे आवाज एकमेकांत मिसळतात. ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर प्रत्येक वाद्य वेगळे उभे राहते. तो प्रत्येक तबकडी घेताना दोन्ही हातांनी घेत होता आणि चिठ्ठी तिथेच वाचून काढत होता. नैरोबीच्या दुकानाची खूण असलेली एक निघाली तेव्हा त्याने सांगितले की त्याचे आजोबाही तिकडे होते. मी पैसे घेतले नाहीत. लोटलीच्या बाईंना मी पैसे घ्यायला लावले होते त्या माझ्या मताशी हे विसंगत आहे असे कोणी म्हणेल, पण त्याच्या हाताळणीकडे पाहिल्यावर माझी ती काळजी उरली नव्हती.

लाऊडस्पीकरवाल्यांच्या झिजलेल्या तबकड्या कोणालाच नको होत्या. त्यांतल्या शिक्क्यांची, अनुक्रमांकांची आणि लेबलांची छायाचित्रे काढून मी गावांनुसार यादी केली, आणि डिचोली तालुक्यातल्या लोकजीवनाच्या नोंदी करणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे यादी व तबकड्या दोन्ही पाठवल्या. ते ज्या पिढीतल्या लोकांना भेटतात, त्यांना ही नावे आणि गाणी दाखवून जत्रांच्या आठवणी विचारतात. आवाज गेला असला तरी तबकडीचा असाही उपयोग होतो.

टपालाने पाठवण्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. तबकडी कव्हरात ठेवून पाठवली तर वाटेतल्या धक्क्याने तिची कड कव्हरची शिवण फाडते. म्हणून तबकडी आतल्या पाकिटासह बाहेर काढायची, रिकाम्या कव्हरामागे ठेवायची, दोन्ही मिळून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, आणि दोन्ही बाजूंना तबकडीहून बोटभर मोठे जाड पुठ्ठे लावायचे, पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हाळ्या एकमेकींना काटकोनात येतील असे. कोपरे चेपले तर पुठ्ठ्याचे चेपतात, कव्हरचे नव्हे. लाखेच्या तबकड्या काचेइतक्या ठिसूळ असल्याने त्या मी टपालाला दिल्याच नाहीत. पुण्याचे गृहस्थ स्वतः मडगावला रेल्वेने आले आणि मांडीवर घेऊन गेले. पावसाळ्यात काहीही पाठवायचे नाही, हा नियम सांगायलाही नको.

माझ्याकडे आता एक कप्पा उरला आहे. त्यातल्या प्रत्येक तबकडीच्या चिठ्ठीवर, माझ्या पश्चात ती कोणाला द्यायची, हे लिहिले आहे, आणि भाचीला ते ठाऊक आहे. फादोची पेटी तेवढी अजून जागेवर आहे. सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकांमुळे गोव्यात फादो पुन्हा मैफलीत ऐकू येऊ लागला आहे आणि तो शिकणारी मुलेही तयार होत आहेत. त्यांच्यापैकी ज्याच्याकडे टर्नटेबल आहे किंवा जो ते घ्यायला तयार आहे, अशा एखाद्याला ती द्यावी असा माझा विचार आहे. पोर्तुगीज मला फारशी कळत नाही, म्हणून त्या चिठ्ठ्यांवरची गाण्यांची नावे पणजीच्या एका निवृत्त प्राध्यापिका तपासून देत आहेत. ते काम पुरे झाले की पाऊस सुरू होण्याआधी पेटी हलवायची आहे.